डोकी किती, पैसा किती, धूर किती?

माणसं वाढली की धूर वाढतो, पैसा आला की आणखी वाढतो. चर्चा घरातली असो की टीव्हीवरची, हा हिशेब सगळेच धरून चालतात. तो अगदीच खोटा नाही. पण देशोदेशीचे आणि राज्याराज्यांचे आकडे शेजारी-शेजारी मांडून पाहा, तो ठिकठिकाणी उसवतो. कुठे मूठभर माणसं आणि अफाट धूर, तर कुठे श्रीमंती वाढत असताना धूर निम्म्यावर! असेच काही थक्क करणारे आकडे इथे एकत्र केले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे ‘उत्सर्जन’ म्हणजे कोळसा, तेल, वायू आणि सिमेंटमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड, तोही २०२३च्या आसपासचा.

पाऊण किलो जाळा, सव्वादोन किलो मिळवा

एक लिटर पेट्रोलचं वजन जेमतेम पाऊण किलो. ते जळलं की निघणारा कार्बन डायऑक्साइड मात्र सुमारे २.३ किलो भरतो. पेट्रोलमधला कार्बनचा एकेक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन-दोन अणू ओढून घेतो, म्हणून वजन तिपटीवर जातं. टनाच्या भाषेत सांगायचं तर सुमारे ४३० लिटर पेट्रोल जाळलं की एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. विजेचंही तसंच. आपल्याकडे एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराच्या नावावर वर्षाकाठी आठशे-साडेआठशे किलो जमा होतात आणि घरात धुराचा मागमूसही नसतो.

चार आकड्यांचा गुणाकार

जपानचे ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांनी हा सगळा गुंता एका ओळीत बसवला. लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, प्रत्येक रुपयाच्या उत्पन्नासाठी लागणारी ऊर्जा आणि त्या ऊर्जेच्या प्रत्येक एककामागे निघणारा कार्बन, या चार आकड्यांचा गुणाकार म्हणजे एखाद्या देशाचं उत्सर्जन. समजा, एका वर्षात लोकसंख्या १ टक्क्याने आणि दरडोई उत्पन्न ५ टक्क्यांनी वाढलं. बाकी काहीच बदललं नाही तर उत्सर्जन ६ टक्क्यांनी वाढणार. पण त्याच वर्षी यंत्रं, पंखे, भट्ट्या सुधारून रुपयामागची ऊर्जा ३ टक्के कमी केली आणि पवनचक्क्या, सौर पॅनल लावून ऊर्जेमागचा कार्बन ३ टक्के उतरवला, तर वाढ जवळपास शून्यावर येते. माणसं वाढली, कमाई वाढली, धूर तेवढाच राहिला! पुढचे बरेचसे चमत्कार या शेवटच्या दोन आकड्यांनी घडवलेले आहेत.

तेहतीस वर्षांत सरासरी जागच्या जागी

१९९० साली जगात सुमारे ५३० कोटी माणसं होती आणि दरडोई उत्सर्जन होतं ४.३ टन. २०२३ पर्यंत माणसं ८०० कोटींच्या वर गेली, जगाची अर्थव्यवस्था अडीचपट झाली, तरी दरडोई उत्सर्जन ४.७ टनांच्या आसपासच घुटमळतं आहे. दिसायला शांत असलेल्या या सरासरीच्या पोटात मोठी उलथापालथ झाली. युरोप-अमेरिकेतला माणूस हळूहळू खाली आला, आशियातला वर चढला आणि आफ्रिकेतला बहुतांशी होता तिथेच राहिला.

नंबर एक कोण? मोजपट्टी सांगा, मग उत्तर देऊ

देशाचं एकूण उत्सर्जन मोजलं तर पहिला चीन, वर्षाला जवळपास १,२०० कोटी टन. त्याच्यामागे अमेरिका, ४९० कोटींच्या घरात. तिसरा भारत, ३०० कोटींच्या आसपास. आता माणशी मोजा. अमेरिकन माणसाच्या वाट्याला १४ टनांहून जास्त, चिनी माणसाच्या वाट्याला ८ टनांहून जास्त आणि भारतीयाच्या वाट्याला फक्त २ टन. जगाची सरासरी गाठायलाच आपल्याला दुपटीहून वर जावं लागेल. तिसरी मोजपट्टी इतिहासाची. औद्योगिक क्रांतीपासून आजवर साठलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा हिस्सा ४ टक्क्यांच्याही आत. हवेत गेलेला हा वायू शतकानुशतकं टिकतो, त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या काळात जळालेला कोळसा आजच्या उन्हाळ्यातही सामील असतो. तिसऱ्या क्रमांकाचा ठपका भारतावर ठेवताना या दोन मोजपट्ट्या कुणी लपवत असेल, तर तो अर्धाच हिशेब सांगतो आहे.

माणसं पावपट वाढली, धूर चौपटीच्या पुढे

लोकसंख्या हेच मूळ कारण म्हणणाऱ्यांनी चीनकडे पाहावं. १९९० ते २०२० या तीस वर्षांत तिथली लोकसंख्या जेमतेम पाव पटीने वाढली. उत्सर्जन मात्र चौपटीच्या पुढे गेलं. फरक पाडला तो कोळशावर उभ्या राहिलेल्या कारखानदारीने आणि तिच्यातून आलेल्या समृद्धीने. २०२२ पासून चीनची लोकसंख्या घटते आहे, तरी २०२३ मध्ये उत्सर्जन वाढलंच. आपल्याकडेही १९९० पासून माणसं दुपटीच्या आतच राहिली आणि उत्सर्जन सुमारे पाचपट झालं. महाराष्ट्रात तर पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं, म्हणजे पिढी भरून निघायला लागतात त्याहून कमी. पाळणा केव्हाच लांबला आहे. आता लक्ष द्यायचं ते वीज कशावर बनते, याकडे.

पावणेसहा लाख माणसांचं राज्य

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. तिथलं दरडोई उत्सर्जन मात्र ९० टनांच्या वर! वायोमिंग हे अमेरिकेतलं सगळ्यात मोठं कोळसा उत्पादक राज्य. तिथे बनणारी बरीचशी वीज दुसऱ्या राज्यांत जाते आणि धुराची नोंद वायोमिंगच्या नावावर होते. त्याच देशातली दुसरी जोडी आणखी बोलकी आहे. कॅलिफोर्नियात सुमारे ३.९ कोटी माणसं, टेक्सासमध्ये तीन कोटींच्या आसपास. तरी टेक्सासचं उत्सर्जन कॅलिफोर्नियाच्या जवळपास दुप्पट. टेक्सासमध्ये तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे अवाढव्य कारखाने आहेत, हे त्याचं मोठं कारण. पण कॅलिफोर्नियाने १९७० च्या दशकापासून फ्रीज, दिवे, इमारती यांच्यासाठी कडक वीजबचतीचे नियम केले, हेही तितकंच खरं. २०२० पर्यंत १९९० च्या पातळीवर यायचं ठरवलेलं हे राज्य २०१६ मध्येच तिथे पोहोचलं.

शेजारी शेजारी, पण चिमणी वेगळी

फ्रान्स आणि जर्मनी. दोन्ही श्रीमंत, दोन्ही औद्योगिक, हवामानही बरंचसं सारखं. जर्मन माणसाचं उत्सर्जन सुमारे ७ टन, फ्रेंच माणसाचं ४ टनांच्या थोडं वर. फ्रान्ससारखा सुखवस्तू देश दरडोई उत्सर्जनात जगाच्या सरासरीच्याही खाली आहे! कारण शोधायला १९७३ च्या तेलसंकटात जावं लागतं. तेलाचे भाव भडकले आणि फ्रान्सने १९७४ मध्ये अणुवीज केंद्रांचा प्रचंड कार्यक्रम हाती घेतला. हा निर्णय घेताना तापमानवाढ डोक्यात नव्हती, चिंता होती परक्याच्या तेलावर अवलंबून राहण्याची. आज तिथली जवळपास दोन तृतीयांश वीज अणुभट्ट्यांतून येते. त्या एका निर्णयाचा फायदा पन्नास वर्षांनीही मोजता येतो.

१८८२ ते २०२४: कोळशाचा निरोप

कोळशावर चालणारं पहिलं सार्वजनिक वीजकेंद्र लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्ट इथे १८८२ मध्ये सुरू झालं. ब्रिटनचं शेवटचं कोळसा वीजकेंद्र, नॉटिंगहॅमशरमधलं रॅटक्लिफ-ऑन-सोर, ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झालं. मधली वर्षं १४२. नवलाची गोष्ट म्हणजे शेवटचा टप्पा किती झपाट्याने पार पडला! २०१२ मध्ये ब्रिटनची सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती, बारा वर्षांत ती शून्यावर आली. समुद्रातल्या पवनचक्क्या, नैसर्गिक वायू आणि कार्बनवर लावलेली किंमत यांनी हे घडवलं. १९९० ते २०२२ या काळात ब्रिटनमधलं हरितगृह वायूंचं उत्सर्जन निम्म्यावर आलं आणि अर्थव्यवस्था ७९ टक्क्यांनी वाढली. ज्या देशाने जगाला कोळशाची चटक लावली, त्यानेच ती सोडूनही दाखवली.

कात्रीसारखे फाकणारे दोन आलेख

युरोपीय संघाच्या सत्तावीस देशांचा एकत्रित ताळेबंदही तसाच आहे. १९९० पासून २०२३ पर्यंत हरितगृह वायूंचं उत्सर्जन ३७ टक्क्यांनी घटलं, अर्थव्यवस्था ६८ टक्क्यांनी वाढली. स्वीडनने तर १९९१ मध्येच कार्बनवर कर बसवला. लोकांनी घरं गरम ठेवायला तेलाऐवजी लाकडाचा भुसा, कचरा आणि वीज वापरायला सुरुवात केली. स्वीडनची अर्थव्यवस्था कोलमडली नाही, ती दीडपटीहून मोठी झाली.

इथे एक मेख सांगायलाच हवी. कपडे, मोबाइल, पोलाद बाहेरून आणलं की त्याचा धूर जिथे माल बनतो तिथे मोजला जातो. स्वित्झर्लंडच्या लोकांनी वापरलेल्या मालाचा धूर धरला तर त्यांचा आकडा दुपटीहून अधिक होतो. तरीही ब्रिटन, फ्रान्स, स्वीडन यांसारख्या अनेक देशांत आयात मालाचा धूर मिळवूनही उत्सर्जन घटलेलं दिसतं. म्हणजे घट खरी आहे, जाहिरातीतल्याइतकी मोठी नाही एवढंच.

घट झाली, पण कोणत्या किमतीला?

सोव्हिएत संघ कोसळला आणि १९९० च्या दशकात रशियाचं उत्सर्जन एक तृतीयांशाहून जास्त घसरलं. इतिहासातल्या मोठ्या घसरणींपैकी ही एक. पण कारखाने बंद पडले होते, पगार थकले होते आणि १९९४ मध्ये रशियन पुरुषांचं सरासरी आयुर्मान ५८ वर्षांच्याही खाली आलं होतं. दुसरा प्रसंग आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचा. २०२० मध्ये टाळेबंदी लागली, विमानं जमिनीवर बसली, रस्ते ओस पडले. एवढं होऊनही जगाचं उत्सर्जन कमी झालं फक्त ५ टक्क्यांच्या आसपास, आणि पुढच्याच वर्षी ते जवळपास पूर्ववत झालं. माणसांची दैना करून धूर कमी होतो, पण तो टिकत नाही आणि तसा व्हावा असं कुणी म्हणूही नये. वीजकेंद्रं तीच राहिली तर घरात बसून तरी किती फरक पडणार?

नायजेरियाची २२ कोटी, ऑस्ट्रेलियाची पावणेतीन कोटी

नायजेरियात २२ कोटींहून जास्त माणसं राहतात. ऑस्ट्रेलियात पावणेतीन कोटींच्या आसपास. तरी ऑस्ट्रेलियाचं उत्सर्जन नायजेरियाच्या जवळपास तिप्पट. अख्ख्या आफ्रिका खंडात जगातली १८ टक्के माणसं आहेत आणि उत्सर्जनातला वाटा ४ टक्क्यांच्या आसपास. त्यातूनही मोठा हिस्सा कोळशावर चालणाऱ्या दक्षिण आफ्रिकेचा. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात दहा कोटी माणसं आहेत. तिथलं दरडोई उत्सर्जन वर्षाला शंभर किलोचाही टप्पा गाठत नाही. ‘आफ्रिकेची लोकसंख्या वाढते आहे, आता पृथ्वीचं काय होणार’ अशी काळजी करणाऱ्यांनी हा आकडा आधी वाचावा. ज्या घरात दिवाच लागलेला नाही, त्या घराला काटकसर कसली शिकवायची?

दुसऱ्यांच्या टाक्या भरणारा देश

लक्झेंबर्ग हा साडेसहा लाखांच्या आसपास वस्तीचा देश. दरडोई उत्सर्जन युरोपात वरच्या रांगेतलं. त्यामागची गंमत पेट्रोल पंपावर आहे. इथे इंधनावरचा कर शेजारच्या जर्मनी, फ्रान्स, बेल्जियमपेक्षा कमी. त्यामुळे हमरस्त्याने जाणारे ट्रक आणि रोज सीमा ओलांडून कामाला येणारे दोन लाखांहून जास्त लोक इथेच टाकी भरून घेतात. इंधन विकलं त्या देशाच्या नावावर धूर, असा नियम! आणि याच लक्झेंबर्गने २०२० मध्ये देशभरातल्या बस, ट्राम आणि रेल्वेचा प्रवास सगळ्यांसाठी मोफत केला.

विजेत स्वच्छ, गोठ्यात अडकलेले

दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेची ९० टक्क्यांहून जास्त वीज वारा, पाणी, ऊन आणि जैवइंधनातून येते. मग उरुग्वेचा प्रश्न काय? माणसामागे तीनहून जास्त गुरं! रवंथ करणाऱ्या जनावरांच्या ढेकरांतून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरून ठेवतो. न्यूझीलंडच्याही हरितगृह वायूंपैकी जवळपास निम्मे शेती-पशुपालनातले. १९८२ मध्ये तिथे सात कोटी मेंढ्या होत्या, आता अडीच कोटींच्या आत आहेत. भारतात २०१९ च्या पशुगणनेनुसार १९ कोटींहून जास्त गाई-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी. पण इथे दोन-चार जनावरांवर एकेक संसार उभा आहे. म्हणून आपल्याकडचा उपाय म्हणजे चांगला चारा, निरोगी जनावर आणि तेवढ्याच गुरांतून जास्त दूध.

या धुराला गावच नाही

न्हावा-शेव्याहून रॉटरडॅमला निघालेलं मालवाहू जहाज किंवा मुंबईहून लंडनला उडालेलं विमान कोणत्या देशाच्या नावावर जातं? कोणत्याच नाही. आंतरराष्ट्रीय जहाजं आणि विमानं यांचं उत्सर्जन वेगळ्या रकान्यात नोंदलं जातं आणि देशांच्या बेरजेत धरलं जात नाही. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये या दोघांचा मिळून वाटा ३ टक्क्यांच्या आसपास. हा एक देश असता तर पहिल्या दहांत हमखास बसला असता.

पणजीचा एसी, कोरब्याचा धूर

दरडोई उत्पन्नात गोवा देशात अगदी वरच्या रांगेत आहे. गोव्यात मोठं औष्णिक वीजकेंद्र मात्र नाही. बरीचशी वीज येते छत्तीसगडमधल्या कोरबा आणि मध्य प्रदेशातल्या विंध्याचल अशा केंद्रांतून. पणजीत खोली थंड होते, कोळसा कोरब्यात जळतो, राख कोरब्यात साठते आणि धुराचा आकडा छत्तीसगडच्या खात्यावर चढतो. महाराष्ट्राच्या आत हेच चित्र दिसतं. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं, तिरोड्याचं ३,३०० मेगावॉटचं, शिवाय कोराडी, खापरखेडा. वीज तारेवरून राज्यभर जाते, उडती राख आणि कोळशाची धूळ विदर्भात राहते. जिल्हावार उत्सर्जनाची यादी वाचताना चंद्रपूरकडे बोट दाखवण्याआधी बटण कुठे दाबलं जातं, ते बघायला हवं.

मुंबईची मिळकत

मुंबई महापालिकेच्या २०२२ च्या हवामान कृती आराखड्यानुसार शहराचं २०१९ चं उत्सर्जन सुमारे २.३ कोटी टन. माणशी १.८ टन, म्हणजे देशाच्या आर्थिक राजधानीत माणशी उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी! दाट वस्ती आणि लोकल हे त्यामागचं मोठं बळ. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. त्याआधी दहा वर्षं, १९१५ मध्ये, टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं होतं. घाटावरच्या पावसाचं पाणी खाली सोडून मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायची, हा त्यामागचा विचार. आज चित्र बदललं आहे. शहराच्या उत्सर्जनातला दोन तृतीयांशाहून मोठा वाटा इमारतींत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा आहे, कारण वीज प्रामुख्याने कोळशाची. लोकलने कमावलेलं कोळशाने घालवू द्यायचं का, हा मुंबईकरांपुढचा खरा सवाल आहे.

निम्मी क्षमता, पाऊण कोळसा

२०२५ मध्ये भारताच्या वीजनिर्मिती क्षमतेतला निम्मा हिस्सा कोळसा-वायूविना झाला. ठरवलेली मुदत २०३० होती, पाच वर्षं आधीच गाठलं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष बनलेली वीज वेगळी. सूर्य मावळला की पॅनल थांबतात, म्हणून प्रत्यक्षात बनलेल्या युनिटांमध्ये कोळशाचा वाटा पाऊण हिश्शाच्या आसपासच राहिला. २००५ ते २०२० या काळात जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन मात्र ३६ टक्क्यांनी कमी झालं. याचा अर्थ आपली गाडी योग्य रुळावर आहे, वेग वाढवायचा आहे.

वेग कुठे वाढेल, याचं उत्तर महाराष्ट्राच्या शिवारात दिसू लागलं आहे. कृषिपंपाला रात्रीची वीज मिळते म्हणून थंडीत, काळोखात, साप-विंचवाच्या भीतीने पाणी द्यायला जाणारा शेतकरी आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळ सौर प्रकल्प उभारून पंपांना दिवसा वीज देण्याचं काम सुरू आहे. यात उत्पन्न वाढतं, झोप मिळते, कोळसा वाचतो. भारतातली कितीतरी घरं, कारखाने, रस्ते अजून बांधायचे आहेत. ती बांधताना गरिबाने कमी वापरावं असं सांगण्याचा हक्क कुणालाच नाही. त्याच्या दारात येणारी वीज कोळशाविना यावी, हे मागण्याचा हक्क मात्र आपल्या सगळ्यांना आहे. तो ग्रामसभेत, सोसायटीच्या बैठकीत आणि मत मागायला येणाऱ्यांपुढे आपण बजावायलाच हवा.